मी बांबू, आत्याच्या मांडणीवरचा

मी बांबू बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मला कोणी लाकूड म्हटलेलं खपत नाही. आम्ही गवताच्या जातीचे. गवत म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ज्या गवताची शिडी करून माणूस माळ्यावर चढतो, त्या गवतापुढे एवढा तोरा बरा नाही.

माझा जन्म एका ओढ्याच्या काठी, बांबूच्या बेटात झाला. जमिनीतून कोंब वर आला तेव्हाच मी मनगटाएवढा जाड होतो आणि पुढेही तेवढाच राहिलो. आमच्यात जाडी जन्मतःच ठरलेली असते. उंची मात्र आम्ही एका हंगामात उरकून टाकतो. सकाळी पाहिलेला कोंब संध्याकाळी ओळखू येत नाही. बेटाच्या मालकाची बायको मला बघून म्हणायची, "आमची पोरं या वेगानं वाढली असती तर कपडे शिवता शिवता माझा जीव गेला असता."

पण उंच झालं म्हणजे शहाणं झालं असं होत नाही, माणसांत होत नाही आणि आमच्यातही नाही. पहिली काही वर्षं आम्ही आतून कच्चेच असतो. दिसायला राजबिंडे, कामाला शून्य. म्हणून मालक दरवर्षी नव्या बांबूंवर रंगाचा पट्टा ओढायचा. ज्या त्या वर्षाचा रंग वेगळा. माझ्यावर पिवळा होता. पिवळ्यांची पाळी आली की कोयता चालणार, हे बेटात सगळ्यांना ठाऊक होतं. भीती वाटायची का? वाटायची. खोटं कशाला बोलू?

कोयत्यापेक्षा मला जास्त धास्ती होती ती ट्रकची. आमच्यातली सगळी थोरली मंडळी ट्रकमध्ये आडवी पडून लांबच्या कुठल्याशा कारखान्यात जायची आणि काही महिन्यांनी टेबल, कपाट, फळी होऊन आमच्याच बाजारात परत यायची. मालक एकदा दुकानात असं एक टेबल बघून आला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आपल्याच बांबूचं असेल, कोण जाणे. किंमत ऐकली आणि गुपचूप बाहेर पडलो." ज्याच्या ओढ्याकाठी आम्ही वाढलो त्यालाच आम्ही परवडत नव्हतो. याचा मला फार राग यायचा.

मग एके वर्षी सरकारनं नवं धोरण काढलं. मालक ते बांधावर बसून बायकोला समजावून सांगत होता, म्हणून मलाही कळलं. बांबूवर प्रक्रिया करणारा कारखाना जो इथेच उभा करेल, त्याला औद्योगिक वसाहतीत नाममात्र भाड्यानं शेड मिळणार, वीज स्वस्त मिळणार आणि यंत्रांच्या खर्चातला मोठा वाटा सरकार उचलणार. अटी दोनच. ठरलेल्या मुदतीत चाचणीत टिकेल अशी फळी निघाली पाहिजे, नाहीतर शेड परत. आणि निम्मे कामगार टोपल्या विणणाऱ्या घरांतले पाहिजेत. मी धोरणं काही फार वाचलेली नाहीत, पण ही दुसरी अट ज्यानं कोणी लिहिली त्याचं भलं होवो.

कारण टोपल्या विणणाऱ्यांचं काही खरं राहिलं नव्हतं. बाजारात प्लास्टिकचे क्रेट आले आणि टोपलीला कुत्रं विचारेना. विणकरांच्या गल्लीतल्या बायका एकेक करून दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला जाऊ लागल्या. एकटी आत्या तेवढी हटून बसली होती. तिला सगळी गल्ली आत्याच म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, दातात धरून बोलायची तिची जुनी सवय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं दातांच्या फटीतून यायचं. "हात चालतायत तोवर बांबूच धरणार," ती म्हणायची. पण घरातलं शेवटचं डालगं विकलं गेलं नाही तर किती दिवस धरणार, हा प्रश्न होताच.

तेवढ्यात तिची भाची शहरातली नोकरी सोडून परत आली. गल्लीतली ही पहिली इंजिनीअर. फर्निचरच्या मोठ्या कारखान्यात काम केलेली. तिनं त्या धोरणाखाली अर्ज केला, शेड मिळवली आणि आत्याच्या दारात येऊन म्हणाली, "आत्या, गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन चल. आपण फळ्या करायच्या."

"फळ्या? बांबूच्या?" आत्या म्हणाली. "बरं. टोपलीला बूड असतं, फळी म्हणजे नुसतं बूडच की."

हे सगळं मला नंतर कळलं, कारण शेडमध्ये बायका कामापेक्षा जास्त बोलतात. असो. पिवळ्यांची पाळी आली आणि मी आडवा झालो. ट्रकमध्ये पडून मनाची तयारी केली होती लांबच्या प्रवासाची, तर ट्रक ओढा ओलांडून थोडा पुढे जाऊन थांबलाच. समोर पत्र्याचं छप्पर आणि दारात सगळी गल्ली उभी. मी इतका खूश झालो की पुढे काय काय होणार आहे हे विचारायचंच राहिलं.

पुढे बरंच काही झालं. मला उभं चिरलं, कामट्या काढल्या, त्या रंध्यावरून सपाट केल्या. मग शेडमागच्या कढईत उकळलं. आमच्या अंगात गोडवा फार, तो काढला नाही तर भुंगे आम्हाला आतून पोखरून पीठ करतात. त्यानंतर भट्टी. भट्टीत असं वाळवलं की ओढ्याची आठवणसुद्धा राहू नये. भट्टीतून काढल्यावर भाची प्रत्येक गठ्ठ्याला एक यंत्र टोचायची आणि आत किती ओल उरली ते बघायची. आकडा मनासारखा आला की आम्ही मांडणीवर. मांडणी म्हणजे भिंतीला लागून उभी केलेली लोखंडी फडताळं. रात्रभर तिथे विसावायचं, सकाळी सरस लावून प्रेसमध्ये जायचं. गरम प्रेस वरून दाबणार आणि खालून फळी निघणार. माझा गठ्ठा मात्र सगळ्यात खालच्या फडताळात पडला, त्यामुळे माझी पाळी लांबतच गेली. मांडणी सांभाळायचं काम आत्याकडे होतं.

आणि काय सांगू, तिनं सांभाळलंही तसंच. सगळे निघायच्या गडबडीत असले की आत्या कळशी घेऊन यायची, ओंजळीत पाणी घ्यायची आणि आमच्यावर हलक्या हातानं शिंपडायची. वर ओलं गोणपाट पांघरायची, बाळाला पांघरावं तसं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गोणपाट काढून बाहेर वाळत टाकायची. भट्टीत तापून निघालेला मी, मला तर स्वर्ग मिळाल्यासारखं वाटायचं. हे बरोबर की चूक, मला काय माहीत? माझ्या जातीला पाणी मिळालं की ती खूश.

पहिल्या काही फळ्या प्रेसमध्येच उकलल्या. भाचीला वाटलं, नवं यंत्र आहे, बसेल हळूहळू. मग एक दिवस तपासणी अधिकारी आला. मध्यम वयाचा, शांत, बोलताना चष्मा काढून पुसत बसणारा. त्याच्यासमोर प्रेस चालू केला. आतून आधी फुस्स आवाज आला, मग वाफ, मग फटाक. झाकण वर गेलं तर फळीच्या कामट्या एकमेकींशी भांडल्यासारख्या तोंडं फिरवून पडलेल्या. चाचणी घ्यायची वेळच आली नाही.

अधिकाऱ्यानं चष्मा पुसला. "मुदत संपायच्या आत मला अजून एकदा येता येईल," तो म्हणाला. "तेवढंच माझ्या हातात आहे. या शेडसाठी गोदामवाल्याचा अर्ज येऊन पडलाय, हे तुमच्या कानावर असू द्या."

तो गेल्यावर भांडी घासायची कामं सोडून आलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. आत्या एका उकललेल्या फळीवरून हात फिरवत राहिली आणि त्या संध्याकाळी तिनं आमच्यावर पाणी जरा जास्तच मारलं.

मग सुरू झाली शोधाशोध. यंत्रं बघणारा एक गडी होता, त्याच्या खिशात चालताना खुळखुळ वाजायचं म्हणून त्याचं नाव पडलं होतं नटबोल्ट. त्यानं प्रेस उघडला, पुसला, परत जोडला. दोन बोल्ट उरले, पण प्रेस चालला. भाचीनं सरस बदलला. भट्टीचा पंखा बदलला. कंपनीच्या माणसाशी फोनवर कडाकडा भांडली. फळ्या उकलतच राहिल्या. नटबोल्ट एकदा म्हणाला, "सकाळी कामट्या हाताला गार लागतात." भाची म्हणाली, "सकाळी सगळंच गार लागतं." आणि तो विषय तिथेच संपला. भट्टीतून निघतानाचा आकडा चोख होता ना, मग मांडणीवरच्या कामट्यांना पुन्हा यंत्र टोचायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

भाचीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. तिला जेवणाचा डबा उघडायला लावायलासुद्धा आत्याला दम भरावा लागायचा. असंच एकदा ती घरी जायला निघाली, फाटकापर्यंत गेली आणि डबा विसरला म्हणून परत आली. दारातच थांबली. आत्या आमच्यावर पाणी शिंपडत होती.

"आत्या, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? पाणी मारतेय. कोरड्या पडल्या तर तडकतील बिचाऱ्या."

"रोज मारतेस?"

"मग? एखाद्या दिवशी चुकवेन असं वाटलं तुला?" आत्या जरा दुखावलीच. "तू नाही सांगितलंस तरी मला कळतं ग. विणकराच्या घरात कामटी कधी सुकी पडलेली बघितलीस का?"

भाची तिथेच उंबऱ्यावर बसली. आधी हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. आत्याला काही कळेना. "अगं काय झालं?" म्हणत ती ओल्या हातानंच तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग भाचीनं एका दमात सगळं सांगितलं. टोपलीला ओली कामटी लागते, कारण ती वाकली पाहिजे. फळीला सुकी लागते, कारण ओल राहिली की प्रेसमध्ये तिची वाफ होते आणि वाफ जागा मिळेल तिथून फळी फोडून बाहेर येते.

आत्यानं कळशी हळूच खाली ठेवली. मग निघून गेली. माझ्या अंगावर त्या दिवशी गोणपाट पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती सर्वांच्या शेवटी, हातात तिच्याकडची शेडची किल्ली घेऊन. ती भाचीपुढे धरून म्हणाली, "ही ठेव. सरकारच्या कागदावर माझं नाव लागत असेल तर राहू दे. मी यायची नाही. एवढ्या जणींच्या पोटावर मीच पाणी मारत होते आणि मला पत्ता नाही."

"कागदावरची माणसं घेऊन मी काय करू?" भाची म्हणाली. "चूक माझीही आहे. मी तुला 'वाळलेलं सांभाळ' म्हणाले, पाणी मारू नकोस असं कुठे म्हणाले? आणि मांडणीवर यंत्र टोचून बघायला मला कोणी अडवलं होतं? ती किल्ली तुझ्याकडेच राहील. मांडणीही."

नटबोल्टनं कपाळावर हात मारला. "झालं. आता फळ्या कशाला, होड्याच करू आपण."

आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या खिशातला खुळखुळाट बंद झाला. पण किल्ली तिनं परत कमरेला खोचली. त्याच दिवशी मांडणीवरच्या आम्हा सगळ्यांना पुन्हा भट्टीत वाळवून घेतलं.

आता खरी गोष्ट सांगतो. मी भट्टीतून निघालोय, कढईत उकळलोय, पण त्या शेडमध्ये सगळ्यात अवघड काम आत्यानं केलं. काहीतरी न करण्याचं काम. जन्मभर सुकी कामटी दिसली की हात आपसूक पाण्याकडे जायचा. डोक्यानं समजलं, तरी हाताला कोण समजावणार? पहिल्या दिवशी तिचा हात कळशीच्या जागेकडे किती वेळा गेला ते मी बघत होतो. हात जायचा, ती थांबायची, स्वतःशीच पुटपुटायची आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायची. शेवटी वैतागून तिनं कळशीच उचलली आणि शेडबाहेर नेऊन ठेवली. मग हंडा गेला. मग बायकांच्या पाण्याच्या बाटल्याही गेल्या. तहान लागली तर बाहेर जाऊन प्या, हात पुसा, मग आत या.

दोनेक आठवड्यांत तिची अशी काही दहशत बसली की विचारू नका. दारात कोरडं फडकं घेऊन उभी असायची. "हात दाखव." हात दाखवल्याशिवाय इंजिनीअरलासुद्धा आत प्रवेश नाही. नटबोल्ट एकदा घाम पुसत माझ्यावर वाकला तर तिनं त्याला कॉलर धरून मागे ओढलं. "टपकतोयस तू. लांब हो." भाचीकडून ते टोचायचं यंत्र वापरायला शिकली, चष्मा लावून आकडा वाचायला लागली, संध्याकाळी टोचायची आणि सकाळी परत टोचायची. तिच्या वयाला माणसं नवी भाजी खायला तयार होत नाहीत. मला तिचं इतकं कौतुक वाटायचं की पाण्याची आठवण मी माझ्यापुरती सोडून दिली.

मग माझी पाळी आली. सरस लावला, प्रेसमध्ये सरकवलं. वरून दाब आणि खालून आच. फुस्स झालं नाही. फटाक झालं नाही. मी फळी झालो, सलग, गुळगुळीत, आणि खरं सांगतो, फार देखणा.

अधिकारी आला तो मुदत संपत आली होती तेव्हा. फळी बघून मान डोलावली, कोपऱ्यातून एक तुकडा कापून घेतला. मग पिशवीतून स्टीलचं भांडं आणि विजेची शेगडी काढली. "पाणी आणा," तो म्हणाला.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेडमध्ये पाण्याचा टिपूस नव्हता.

"पाणी कशाला?" आत्यानं विचारलं.

"तुकडा उकळायचा. थर सुटले नाहीत तर पास."

"अहो, एवढा जिवापाड वाळवलेला आणि तुम्ही..."

"बाई, ही फळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात लागणार. तिथे रोज काहीतरी सांडणार. तिथे सुटून चालेल का?" त्यानं चष्मा पुसला. "बरं, मागच्या वेळी काय बिघडलं होतं?"

भाचीनं तोंड उघडलं. "आमचं वाळवणीचं जरा..."

"मी पाणी मारत होते," आत्या म्हणाली. "टोपलीच्या कामट्यांना मारतात तसं. या सगळ्या इथे आहेत त्यांचं काम माझ्यामुळे जात होतं."

अधिकारी तिच्याकडे बघत राहिला. "आणि आता?"

"आता नाही मारत."

"मग हे पाणी तुम्हीच घाला," तो म्हणाला.

तिनं बाहेरून कळशी आणली. जे हात जन्मभर न विचारता पाणी मारत आले, ते भांड्यावर येऊन थबकले. भाची पुढे झाली तेव्हा आत्यानं मानेनंच तिला नको म्हटलं आणि पाणी ओतलं. पाणी उकळायला लागलं. माझा तुकडा आत गटांगळ्या खात होता आणि इकडे उरलेला मी श्वास रोखून पडलो होतो. दाराबाहेर आणून ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

बऱ्याच वेळानं अधिकाऱ्यानं चिमट्यानं तुकडा काढला, दोन थरांच्या मधे चाकूचं टोक घातलं आणि जोर लावला. मग दुसऱ्या बाजूनं लावला. मग तो तुकडा तसाच आत्याच्या हातात दिला. तिनं नखानं उचकटून बघितलं. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा सरळ दातात धरून ओढला, कामटी ओढतात तसा.

"सुटत नाही," ती म्हणाली. आणि तिला रडू फुटलं. पण रडतानाही तोंड मांडणीकडून दुसरीकडे फिरवलं तिनं. नव्या कामट्या होत्या ना तिथे.

शेड राहिली. पुढे शेजारची शेडही मिळाली. पलीकडच्या प्लॉटवर आमच्या तुकड्यांपासून टूथब्रशच्या दांड्या करणारा कोणीतरी आलाय, त्याच्यापलीकडे उरलेल्या भुशाचा कोळसा करणारा. माझ्या जुन्या मालकानं ओढ्याच्या दोन्ही काठांना बेटं लावलीत आणि त्याच्या घरी आता आमच्यातल्याच एकाचं टेबल आहे. ट्रक अजूनही भरून जातात, पण फळ्यांचे. मला विकलं नाही. कोपरा कापलेली फळी घेणार कोण? चार पाय लावून मला शेडच्या दारात बाक म्हणून ठेवलं. मला ही जागा पसंत आहे. येणाराजाणारा टेकतो, चार गोष्टी कानावर पडतात. तुम्हीही कधी या भागात आलात तर टेका. पण फार वाकडं बसू नका, एक पाय नटबोल्टनं लावलाय.

काल लांबच्या एका विणकरवस्तीतली बाई येऊन माझ्यावर बसली होती. कडेवर पोर, हातात एक टोपली. आपलं काम दाखवायला आणलेली. आत्या बाहेर आली, तिनं टोपली उलटीसुलटी करून बघितली, बूड दाबून बघितलं.

"मला हेच येतं," बाई खाली बघत म्हणाली. "बाकी काही येत नाही हो."

आत्या माझ्यावर तिच्या शेजारी बसली. "मलाही हेच येत होतं," ती म्हणाली. "उद्यापासून ये. चुकशील, मी आहे."